काढून मिळेल

कोल्हापूर जिल्ह्यात गुरुवारी पूर्वेकडे गाडी घेऊन निघालेलं वयस्क जोडपं दिसलं, की ते नरसोबाच्या वाडीलाच चाललंय याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. त्यामुळे आम्हाला रस्ता विचारायची वेळच येत नाही. गाडी थांबवून काच खाली केली, की समोरचा माणूस आम्ही तोंड उघडायच्या आत वाडीचा रस्ता सांगून मोकळा होतो. आम्ही वाडीला नाही, कुठेच चाललेलो नाही असं सांगितलं, तर तो आधी ह्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारतो, “घरात काय भांडान झालंय का पावणं?”

भांडण वगैरे काही नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्या काळात स्वतः बावड्यातल्या घरातून शाळा आणि शाळेतून घर एवढाच भूगोल पाहिला. आमचे हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्वालिटी खात्यात होते. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधण्याचा त्यांना पंचवीस वर्षं पगार मिळाला. आता ते काम घरी फुकट करतात. दोघंही निवृत्त झाल्यावर लक्षात आलं, की एका घरात दिवसभर राहायची आम्हाला सवयच नाही. तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी बाहेर पडतो. हायवे फक्त ओलांडायला वापरायचा, चाळीसच्या वर जायचं नाही आणि गेलेल्या रस्त्याने परत यायचं नाही, हे नियम ह्यांचे. थांब म्हटलं की थांबायचं, हा नियम माझा.

थांबायचं ते फोटोसाठी. देवळं, धबधबे, सूर्यास्त मी काढत नाही. ते काढणारे पुष्कळ आहेत. मी रस्त्याकडेचं काढते. पडलेल्या उमेदवाराचा प्रचाराचा टी-शर्ट घातलेलं बुजगावणं माझ्याकडे आहे. त्या शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, “हितं तरी उपेगाला आला.” पण माझा खरा जीव हाताने रंगवलेल्या पाट्यांवर. ‘हवा भरून व पंचर काढून मिळेल.’ ‘येथे सातबारा काढून मिळेल.’ ‘उसाचा ताजा रस काढून मिळेल.’ एका गावात एकाच टपरीवर ‘झेरॉक्स व दात काढून मिळतील’ असं वाचलं. जवळ गेल्यावर कळलं की दाताचा डॉक्टर माडीवर होता, पाटी मात्र दोघांत एक. एक क्रियापद सगळ्या जिल्ह्याचा संसार ओढतं याचं मला फार कौतुक होतं. वर्गात शिकवावं तसं मी ते ह्यांना गाडीत सांगायची. पुढे ह्याच क्रियापदाने मला धडा शिकवला.

पहिला गुरुवार

दिवस निवडणुकीचे होते आणि उसाचेही. रुकडीच्या बाजूने अरुंद रस्त्याला लागलो तर पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांवर आमच्या घरातल्या कपाटाएवढे कर्णे. त्यातल्या गाण्यांमुळे ह्यांनी कानात कापूस घातला. दुपारी एका रानाच्या कडेला डबा उघडला. शेजारच्या रानातल्या बाईने आम्ही कोण, कुठले काही न विचारता दोन कांदे आणि मूठभर हरभऱ्याचा डहाळा आणून ठेवला आणि आमच्या भाकरीकडे बघून म्हणाली, “लई पातळ थापताय की.” शहरात असं कुणी म्हटलं असतं तर मी आठवडाभर धुमसले असते. तिथे मी दुसरा कांदा फोडला.

चारच्या सुमाराला एका गावात शिरलो. गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. दूध संस्थेच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर एक म्हैस उभी होती.

रंगवलेली, पण उभीच. खऱ्या म्हशीपेक्षा थोडी मोठी. शिंगं मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेलेली, त्यांत उजवं जरा लांबच. शिंगांना लाल गोंडे, कपाळावर मोरपीस, पायांत घुंगरं आणि चारही पाय धावण्यात. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्या मागे, दोरीबिरी काही नाही. ती आपल्या माणसामागे धावते, एवढंच. इथे पेंटरने आधी म्हैस काढली असावी आणि मालकाची वेळ येईपर्यंत भिंत संपली असावी. कारण पुढे फक्त एका एम-एटीचं मागचं चाक, कॅरिअर आणि वाऱ्यावर उडणारा पिवळ्या पटक्याचा शेमला दिसत होता. खाली ‘सौजन्य’ लिहून त्यापुढच्या चेअरमनच्या नावावर वर्तमानपत्र चिकटवलेलं. आचारसंहिता होती ना.

“शिंगांत फरक आहे,” हे म्हणाले. क्वालिटी.

तेवढ्यात नऊवारीतल्या एक सत्तरीच्या बाई दुधाची किटली घेऊन आल्या. संस्थेच्या दारात वळण्याआधी भिंतीपाशी थांबल्या आणि त्यांनी म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळावर तेवढीच जागा रंग जाऊन गुळगुळीत झाली होती. मी गाडीतून उतरले.

“कुणाची हो ही म्हैस?”

“माजीच की. चंद्री. दोन वर्सं पैला नंबर हुता हिचा.”

“आता कुठे आहे?”

“काढली.”

मला क्षणभर कळलं नाही. भिंतीवर तर होती.

“काढली म्हंजे इकली वो,” त्या म्हणाल्या. “मालक गेलं. त्येंच्या मागं ही वैरण खाईना, माज्या हाताला धार दीना. गाडीचा आवाज आला की उठून हुबी ऱ्हायाची. मला बघवंना. मग काढली. टेंपोत चढताना लई बघत हुती माज्याकडं.” किटली त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तवापास्नं हितंच भेटती.”

बाईंचं नाव हौसाबाई. फोटो आहे का घरी चंद्रीचा, असं विचारलं तर म्हणाल्या, “म्हशीचा फोटू कोण काढतंय? मालकाचाबी आधार कार्डावरचाच मोठा केलाय.”

आता माझा शहाणपणा ऐका. भिंत पूर्वेकडे तोंड करून. ऊन तिच्या पाठीमागे गेलेलं. समोर तीन मोटरसायकली लावलेल्या, भिंतीला दुधाचे कॅन टेकवलेले. हे म्हणाले, “निदान मोबाईलवर काढून ठेव.” मी म्हटलं, “मोबाईलवर काय, कोणीही काढतं.” सकाळच्या उन्हात, मोकळ्या भिंतीवर, कॅमेऱ्याने काढायचं असं मी ठरवलं. दारावर सेक्रेटरीचा नंबर होता, तो लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. पलीकडे ऊस, कर्णे, गाणी. मी वर्गातला आवाज काढला. “मी कोल्हापुरातून बोलतेय. तुमच्या भिंतीवरची म्हैस काढायची आहे. गुरुवारी सकाळी नऊला येतेय मी. तोपर्यंत भिंत मोकळी पाहिजे.”

“व्हय मॅडम,” पलीकडून आलं. “चालतंय मॅडम. काय काळजी करू नगा मॅडम.”

एका दमात तीनदा मॅडम. मी ह्यांना म्हटलं, “बघा, खेड्यात अजून कलेची कदर आहे.”

दुसरा गुरुवार

सेक्रेटरी फाटकात गुलाबाचं फूल घेऊन उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. आत टेबलावर पोह्यांच्या बशा झाकून ठेवलेल्या. मोटरसायकली नव्हत्या, कॅन नव्हते. ऊन भिंतीवर अगदी मला हवं तसं पडलं होतं.

भिंत पांढरीशुभ्र होती.

“म्हैस कुठाय?” मी विचारलं.

“काढली की मॅडम. फोन आला त्याच दिशी माणूस लावला. डबल हात मारलाय. काय दिसतंय का बघा.” त्यांनी भिंतीवरून अभिमानाने हात फिरवला. “चेरमन सायबांचं नाव आमी आदीच झाकलंतं. पर तुमचा फोन आला, तवा म्हटलं म्हशीवर बी कुणाची तक्रार असंल. कुठल्या पॅनेलचं चिन्न हाय का म्हस, तेबी बघिटलं. न्हवतं. तरी म्हटलं, मॅडम म्हणत्यात म्हंजे काढलेली बरी.”

मी सांगायला लागले, की मी निवडणूक खात्याची नाही, फोटो काढायला आले. तीनदा सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी ते म्हणाले, “मग फोटू काढायचा म्हणायचं की वो. म्हस काढायची म्हणलासा तुमी. भित मोकळी पायजे म्हणलासा.”

म्हटलं होतं खरं. बत्तीस वर्षं मुलांना वाक्य पूर्ण करा म्हणून ओरडले आणि स्वतः एक शब्द खाल्ला. तो शब्द फोटो.

हौसाबाई संस्थेच्या पायरीवर बसल्या होत्या, किटली मांडीवर. दूध घातलेलं नव्हतं. मला वाटलं त्या रागावतील, चार शब्द सुनावतील. ह्या भागात ते कुणाला अवघड जात नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एकदा मी काढली बाई, आता तुमी काढली.”

मला लाज वाटली. पोह्यांची बशी कुणीतरी हातात दिली, ती तशीच धरून मी उभी राहिले. हे परतीच्या रस्त्यावर काही बोलले नाहीत. मोबाईलवर काढून ठेव म्हणालो होतो, हे वाक्य त्यांच्या हक्काचं होतं. त्यांनी ते वापरलं नाही. चूक डोळ्यांसमोर असताना क्वालिटीचा माणूस गप्प बसतो, ते मला जास्त लागलं. रुकडीपाशी मीच म्हटलं, “म्हशीच्या पायाशी कोपऱ्यात पेंटरची सही होती. दिलावर.”

“जयसिंगपूर लिहिलं होतं त्याखाली,” हे म्हणाले.

जयसिंगपूर

आमच्या इतिहासात दुसऱ्यांदा आम्ही ठरवून एका ठिकाणी निघालो, आणि ह्या वेळी तर सोमवारी. हौसाबाईंना वाटेत घेतलं. सेक्रेटरींच्या फोनवरून त्या स्वतःहून म्हणाल्या होत्या, “मी येती. म्हस मला ठावं हाय, तुमाला न्हाय.” त्यांनी मागच्या सीटवर ताकाचा तांब्या मांडीत धरला आणि चाळीसच्या वेगावर पंधरा मिनिटं काढल्यावर ह्यांना विचारलं, “पावणं, गाडी बिघडलीया का?”

जयसिंगपूर आमच्या ह्यांना फार आवडतं. सगळे रस्ते काटकोनात. चूक काढायला जागा नाही. भडंगाच्या दुकानांमधल्या एका गल्लीत दिलावर पेंटरचं दुकान सापडलं. पेंटर शब्द पाटीवर राहिला होता, आत सगळं डिजिटल होतं. पन्नाशीचा, चष्म्याचा माणूस कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स करत होता.

“वाढदिवस आणि श्रद्धांजली एकाच फायलीत बसतंय,” त्याने सहज सांगितलं. “चेहरा बदलायचा, खालचा शब्द बदलायचा. काय करायचं तुमचं?”

मी झालेला प्रकार सांगितला. ह्या वेळी एकही शब्द खाल्ला नाही. दिलावरने ऐकलं, हसला नाही, आणि माऊस फिरवून पडद्यावर ओळीने म्हशी आणल्या. “सांगा कुठली पायजे. एचडी हायत. दोन तासांत फ्लेक्स मारून देतो, सहा बाय दहा.”

हौसाबाई पडद्यापाशी वाकल्या. “ह्या हरयाणाच्या. पैलवानाच्या कानागत शिंगं वळवून बसल्यात.” त्यांनी एकेक नापास केली. “हिला हाक मारली तर कळंल व्हय? आन फ्लेक्स वाऱ्यानं फाटतोय. मला भितीवर पायजे.”

“मावशी, ब्रश सुटून आठ वर्सं झाली. हात ऱ्हायला न्हाय माजा. आन बघून काढायला कायतरी पायजे की.”

बघून काढायला एकच गोष्ट होती. सेक्रेटरींनी पश्चात्तापाने गावभर मोबाईल धुंडाळून ती मला पाठवली होती. सेक्रेटरी झाल्याच्या दिवशीचा त्यांचाच फोटो, गळ्यात हार, म्हशीच्या बरोबर समोर उभे. म्हैस पूर्ण झाकलेली. फक्त उजवं शिंग त्यांच्या डोक्यामागून वर आलेलं, त्यामुळे सेक्रेटरींनाच एक शिंग फुटल्यासारखं दिसत होतं. मी मोबाईल पुढे केला. दिलावरने चष्मा वर सरकवून तो बराच वेळ धरला.

“हे माजंच हाय,” तो म्हणाला. “आन हे चुकलंतं. उजवं शिंग लांब झालंतं माज्याकडनं. मागनं लक्षात आलं, पर ऑइल पेंट वाळला हुता. त्या गावाकडनं जाताना मी मान वर करत न्हवतो.”

हे खूश झाले. त्यांची तपासणी बरोबर निघाली होती.

“काय चुकलं न्हवतं,” हौसाबाई म्हणाल्या. “तसंच हुतं तिचं. उजवं चार बोटं लांब. लहानपणी डावं खांबाला घासायची. तुमी बरोबर काढलंतं.”

दिलावरने वाढदिवसाचा फ्लेक्स तसाच ठेवून खुर्ची मागे घेतली. इतकी वर्षं जी चूक म्हणून वागवली ती चूक नव्हतीच, हे माणसाला कुणी सांगितलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी तिथे पाहिलं. कॅमेरा गळ्यात होता. मी तो उचलला नाही.

“मतदान होऊ द्या,” तो म्हणाला. “मग येतो. बिघडलं तर मला बोलायचं न्हाय.”

मग हौसाबाईंनी सगळ्यांना ताक दिलं.

परत त्याच भिंतीपाशी

निकाल लागले, गुलाल उडाला, आचारसंहिता उठली. आता सेक्रेटरी अडले. एकदा पोळल्यामुळे त्यांना लेखी पाहिजे होतं. “मॅडम, अर्ज द्या. काढायची म्हंजे नक्की कुठली काढायची, ते स्पष्ट लिवा.” मी संस्थेच्या टेबलावर बसून अर्ज लिहिला: ‘आपल्या संस्थेच्या भिंतीवर म्हैस काढण्यास, म्हणजे रंगवण्यास, पुसण्यास नव्हे, परवानगी मिळावी.’ ह्यांनी तपासून एक स्वल्पविराम घातला. सेक्रेटरींनी दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

पुढच्या गुरुवारी दिलावर सकाळीच आला. हौसाबाईंना भिंतीसमोर प्लास्टिकची खुर्ची दिली होती. पहिले दोन तास त्याचा हात खरंच चालेना. पाठीची रेघ तीनदा ओढली, तीनदा पुसली. हौसाबाई खुर्चीतून सांगत होत्या, “पोट एवढं न्हवतं. म्हस हाय, सावकार न्हवं.” “मान खाली घाला, लाजायची ती.” दुपारनंतर हात सुटला. रंगाचा वास आणि उसाच्या ट्रॉल्यांची धूळ एकत्र नाकात जात होती. दूध घालायला आलेले लोक कॅन ठेवून तिथेच थांबले आणि प्रत्येकाला चंद्रीबद्दल काहीतरी माहीत होतं. सेक्रेटरी मात्र दर थोड्या वेळाने माझ्या कॅमेऱ्याकडे बघून अस्वस्थ होत.

म्हैस झाली. पुढे मोटरसायकलची वेळ आली तेव्हा दिलावरने हाताने भिंत मोजली. ह्या खेपेला त्याने म्हैस मागे सरकवून घेतली होती. पुढे चांगली सात फूट जागा होती.

“मावशी, गेल्या टायमाला मालक बसलं न्हाईत. आज अख्खं काढतो. आधार कार्डाचा फोटू आणा.”

हौसाबाईंनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

“नगं,” त्या म्हणाल्या. “चाक काढा आन पटका काढा. ते फुडं गेल्यात. तसंच ऱ्हाऊ द्या.”

दिलावरने तसंच काढलं. चाक, कॅरिअर, पिवळ्या पटक्याचा शेमला. त्याच्यापुढे चार फूट भिंत कोरी राहिली, आणि ती कोरी आहे म्हणून कुणीच हरकत घेतली नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही.

एव्हाना पाच वाजून गेले होते. ऊन भिंतीच्या मागे, समोर मोटरसायकली, भिंतीला कॅन टेकवलेले. पहिल्या गुरुवारी होतं तसंच सगळं वाईट. हे माझ्याकडे बघत होते. मी कॅमेरा गाडीत ठेवला आणि पिशवीतून मोबाईल काढला.

“काय करतासा?” सेक्रेटरी पुढे आले.

काढते म्हणायचा धीर होईना. मी म्हटलं, “फोटो घेते.”

“घेऊन कुठं निघालाय?”

“कुठे नाही. म्हशीला काही होणार नाही. बाजूला व्हा, तुम्हाला शिंग येतंय.”

ते बाजूला झाले. मी मोबाईलवर, कोणीही काढतं तसा, एक फोटो काढला.

“काढला?” खुर्चीतून उठत हौसाबाईंनी विचारलं.

“काढला.”

मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला, पण त्यांनी त्यात पाहिलंच नाही. त्या भिंतीकडे गेल्या. कपाळावरचा रंग ओला होता. दिलावर काहीतरी बोलणार होता, तो थांबला. त्यांनी पंजा तिथे टेकवला, बराच वेळ ठेवला, मग वळून काळा झालेला हात मला दाखवला.

“हाय,” त्या म्हणाल्या. “हितंच हाय.”